नव्वद टक्के ग्रीस

कामगाराला देश नसतो, हे कम्युनिस्टांचं मूळ सूत्र. त्यावरच १९१९ साली मॉस्कोत कॉमिन्टर्न, म्हणजे कम्युनिस्टांची आंतरराष्ट्रीय संघटना, उभी राहिली. देशोदेशीचे पक्ष म्हणजे एकाच जागतिक पक्षाच्या शाखा, अशी तिची रचना होती. मे १९४३ मध्ये स्टालिनने ती गुंडाळली. २२ मे रोजी निर्णय जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईत भारतीय कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन सुरू झालं! कॉमिन्टर्नचं काम मात्र थांबलं नाही. तिचे सरचिटणीस दिमित्रोव्ह सोव्हिएत पक्षाच्या नव्या खात्यात बसून तेच पाहू लागले. पाटी काढली ती लंडन-वॉशिंग्टनला दाखवायला. पश्चिम युरोपात जर्मनीविरुद्ध दुसरी आघाडी त्यांनी अजून उघडायची होती, अमेरिकेकडून ट्रक आणि डबाबंद मांस येत होतं.

खरा व्यवहार दिसतो तो ९ ऑक्टोबर १९४४ च्या रात्री, क्रेमलिनमध्ये. चर्चिलने कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलं: रुमानियात रशिया ९०, ग्रीसमध्ये ब्रिटन ९०, बल्गेरियात रशिया ७५, हंगेरी आणि युगोस्लाव्हिया निम्मेनिम्मे. स्टालिनने निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली. पुढचे दोन दिवस मोलोतोव्ह आणि ईडन या दोन परराष्ट्रमंत्र्यांनी घासाघीस करून बल्गेरिया, हंगेरीत रशियाचा वाटा ८० वर नेला. टक्के नेमके कशाचे, हे कुणीच ठरवलं नाही. जिथे ज्याचं सैन्य, तिथे त्याचं चालणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. रुमानियावर देखरेख ठेवणाऱ्या दोस्तांच्या नियंत्रण आयोगावर ब्रिटिश-अमेरिकन प्रतिनिधी होते, पण कारभार लाल सैन्याच्या हाती.

ग्रीसचे कम्युनिस्ट या सौद्यापासून अनभिज्ञ होते. जर्मनांविरुद्ध लढणारी सर्वांत मोठी फौज, 'एलास', त्यांच्याच प्रभावाखाली होती. सिद्धांताप्रमाणे क्रांतीची वेळ हीच. पण सप्टेंबरमध्येच झालेल्या कासेर्ता कराराने ही फौज ब्रिटिश जनरल स्कोबीच्या हुकमाखाली गेली होती. ३ डिसेंबरला अथेन्सच्या सिन्टाग्मा चौकात पोलिसांनी मोर्चावर गोळीबार केला आणि मग ब्रिटिश फौज थेट 'एलास'शी भिडली. हिटलर अजून बर्लिनमध्ये होता, आणि दोस्तांची तोफ दोस्तांवर चालत होती. त्यात ब्रिटिशांच्या बाजूने हिंदी पलटणीही होत्या.

सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्राने, 'प्रावदा'ने, ब्रिटनविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. जानेवारी १९४५ मध्ये स्टालिनने दिमित्रोव्हला सुनावलं, ते दिमित्रोव्हच्या डायरीत आहे: ही लढाई सुरू करू नका, असं मी सांगितलं होतं, लाल सैन्य एजियन समुद्रापर्यंत येईल असा हिशेब ग्रीक कम्युनिस्टांनी केला, पण आम्ही तिथे सैन्य पाठवू शकत नाही.