तेरा डब्यांचं उत्तर मिळालं, चौदाव्याचं नाही

जूनच्या पहिल्या आठवड्यात गोडाऊनमधून फोन आला. "मॅडम, डबे फुगलेत. चौदा. सगळे एकाच दिवसाचे."

रत्नागिरी जिल्ह्यातला मध्यम आकाराचा कारखाना. हापूसचा पल्प, 3.1 किलोचे ए-10 डबे. त्या दिवसाचा लॉट 2,400 डब्यांचा आणि भरून तेवीस दिवस झालेले. अशा तीन-चार कारखान्यांची गुणवत्ता तपासणी मी पाहते, त्यामुळे असा फोन सीझनला एखादा येतोच. पण चौदा म्हणजे एखादा नव्हे.

पोहोचले तेव्हा निकाल आधीच लागलेला होता: आंबा खराब होता. मे अखेरचा कॅनिंगचा आंबा, वळीव लागलेला, साक्याचं, म्हणजे आतून पांढरट आणि स्पंजासारखं होण्याचं प्रमाण जास्त. हे कारण सगळ्यांच्या सोयीचं असतं, कारण त्यात कारखान्यातल्या कुणाचाच दोष निघत नाही. साक्याने पल्पचा रंग आणि चव बिघडते, त्याने डबा फुगत नाही. डबा फुगतो तो गॅसने, आणि गॅस कुठून आला हे डबाच सांगतो. फक्त त्याला नीट विचारावं लागतं.

विचारायचं कसं, हे सविस्तर लिहिते, कारण बऱ्याच ठिकाणी फुगलेला डबा सरळ खड्ड्यात टाकतात आणि पुरावा त्याच्याबरोबर गाडला जातो.

आधी फुगवटा किती आहे ते पाहायचं. ठोकल्यावर एक टोक बाहेर येतं आणि दाबलं की परत बसतं, तो फ्लिपर. एक टोक दाबलं की दुसरं उसळतं, तो स्प्रिंगर. दोन्ही टोकं फुगलेली पण अंगठ्याने दबतात, तो सॉफ्ट स्वेल. दबतच नाही, तो हार्ड स्वेल. चौदापैकी नऊ हार्ड होते. नंतर ज्या टोकावर कोड नाही ते साबणाने धुऊन अल्कोहोलने पुसायचं. फुगलेल्या डब्यावर ज्योत फिरवायची नाही, तो फुटतो. वर निर्जंतुक फडकं धरून खिळ्याने भोक पाडायचं आणि निघणारा गॅस उपड्या टेस्ट ट्यूबमध्ये धरायचा. पेटती काडी तोंडाशी नेली आणि फट्‍ आवाज झाला तर हायड्रोजन, म्हणजे आंबटपणाने डब्याचा पत्रा खाल्ला. पण त्याला महिने लागतात, तेवीस दिवसांत ते होत नाही. इथे काडी प्रत्येक वेळी विझली. कार्बन डायऑक्साइड. आत काहीतरी जगत होतं.

आता खरा प्रश्न: ते आत राहून गेलं, की बाहेरून आत गेलं?

राहून गेलं असेल तर उष्णता कमी पडली. इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. डबा अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवतात, म्हणून आतला पल्प उकळतो असं लोकांना वाटतं. ए-10 डब्याचा मध्य भिंतीपासून जवळजवळ आठ सेंटीमीटर आत असतो. हापूसचा पल्प इतका दाट की तो पाण्यासारखा फिरत नाही, उष्णता कणाकणाने आत सरकते. अर्ध्या तासात मध्याचं तापमान जेमतेम हलतं. मारण्याचं काम खरं होतं ते भरताना. पल्प 85 अंशांच्या वर असताना डब्यात पडला पाहिजे आणि पीएच 4 च्या खाली असला पाहिजे. उकळत्या पाण्याचा टप्पा झाकणासाठी आणि वरच्या रिकाम्या जागेसाठी. त्या दिवसाचा तापमानाचा चार्ट पाहिला, 86 ते 88. शिल्लक चांगल्या डब्यांचा पीएच 3.9. इथे बोट ठेवायला जागा नव्हती.

सूक्ष्मदर्शकासाठी पल्पची स्लाइड केली. कमी उष्णतेने बिघडलेल्या डब्यात बहुधा एकाच जातीचे, बीजाणूधारी जिवाणू दिसतात, कारण तेवढेच उष्णतेतून वाचलेले असतात. माझ्या स्लाइडवर कोंब फुटलेलं यीस्ट, आखूड दांडे, साखळीतले गोल, अशी जत्रा होती. यीस्ट 85 अंशांत टिकत नाही. म्हणजे ते नंतर आत शिरलं. म्हणजे डबा गळका.

गळका म्हटल्यावर सगळे डब्याच्या अंगाला भोक शोधतात. भोक नसतं. असते ती सीम, झाकण आणि अंग जिथे एकमेकांत गुंतवून दाबलेले असतात ती कडा.

या कडेला मी फार मान देते. निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने अन्न बाटलीत बंद करून उकळण्याची पद्धत बसवली आणि 1810 मध्ये त्याबद्दल 12,000 फ्रँकचं बक्षीस घेतलं, तेव्हा त्याची सगळी भिस्त बुचावर होती. त्याच वर्षी पीटर ड्युरांडने लंडनमध्ये पेटंट घेतलं, त्यात कथिलाच्या मुलाम्याचा डबा आला. पण त्याची तोंडं डाख देऊन बंद करायची, आणि डाखात शिसं. डाख न देता नुसत्या पत्र्याच्या घड्यांनी डबा बंद करायची, मध्ये रबरी थर देण्याची दुहेरी सीम न्यूयॉर्कच्या ॲम्स कारखान्याने एकोणिसावं शतक संपता संपता आणि विसावं सुरू होताना व्यवहारात आणली. आजचा डबा अजून तोच आहे. पत्र्याचे पाच थर, मध्ये सीलिंग कंपाउंड, सगळं मिळून दीड मिलीमीटरच्या आसपास जाडी. पल्पची सगळी सुरक्षितता त्या दीड मिलीमीटरवर असते.

सीम होते दोन फेऱ्यांत. पहिला रोल झाकणाची कड अंगाच्या कडेखाली वळवतो. दुसरा रोल ती घडी दाबून घट्ट करतो. काय बिघडलं ते मापांवरून कळतं. बॉडी हूक, म्हणजे अंगाची वळलेली कड, आखूड असेल तर डबा खालून उचलून धरणाऱ्या लिफ्टरचा दाब कमी. कव्हर हूक, म्हणजे झाकणाची वळलेली कड, आखूड असेल तर पहिला रोल सैल. सीम जाड आणि आतून सुरकुतलेली असेल तर दुसरा रोल सैल. एवढं ज्याला येतं, त्याला सीमर, म्हणजे सीम बसवणारं मशीन, उघडण्याआधी पाना कुठे लावायचा ते माहीत असतं.

झाकणाचा मध्य कापून काढला, सीमची पट्टी पक्कडीने सोलली आणि कव्हर हूक हलकेच ठोकून सोडवला. बॉडी हूक 2.0, कव्हर हूक 1.7, ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही हूक एकमेकांवर येतात तेवढा भाग, 1 मिलीमीटरला टेकलेला. कागदावर पास. पण सीमची जाडी 1.68, जिथे इतर डब्यांची 1.50. कव्हर हूकची पट्टी ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. चांगल्या सीममध्ये ही पट्टी जवळजवळ सपाट असते, इस्त्री केल्यासारखी. इथे साडीच्या निऱ्यांसारख्या सुरकुत्या निम्म्या उंचीपर्यंत चढलेल्या. घट्टपणा पन्नास टक्के. सत्तरच्या खाली मी डबा सोडत नाही.

कारखान्याच्या तक्त्यात घट्टपणाचा रकानाच नव्हता. जाडीचा होता, पण तपासणीचा डबा "हाताला येईल तो". सीमर चार हेडचा आहे, म्हणजे डबे चार वेगळ्या जागी बंद होतात. प्रत्येक हेडचा एकेक डबा घेतला नाही तर चौथ्या हेडचा आजार बाकी तिघांच्या तब्येतीत लपतो. दर अर्ध्या तासाने नजरेने पाहणं, दर चार तासांनी प्रत्येक हेडचा डबा फाडणं, हे मी दर सीझनला लिहून देते. दर सीझनला उत्तर येतं की एवढे डबे वाया घालवणं परवडत नाही.

रिकामे डबे पाणी भरून चारही हेडवर चालवले. तीन नंबरचं हेड. दुसऱ्या रोलचं बेअरिंग झिजलेलं, हाताने रोल हलत होता. सीमर चालवणारे काका बाजूला उभे होते. ते म्हणाले, "मी एप्रिलातच सांगितलेलं. आवाज बदललेला. स्टोअर म्हणालं, सीझन संपल्यावर बघू." वीस वर्षं ज्या माणसाचा कान त्या मशीनला लागलेला आहे, त्याचं म्हणणं लिहून ठेवायला एकही रजिस्टर नाही. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत मोठी चूक ती आहे.

पण सैल सीम असूनही त्या एका हेडच्या साधारण 600 पैकी सगळे डबे फुगत नाहीत. आत शिरायला पाणी लागतं, आणि त्या पाण्यात जंतू लागतात. उकळत्या टाकीतून डबा थंड पाण्यात गेला की आतली वाफ बसते, पोकळी तयार होते. सीलिंग कंपाउंड गरम, मऊ. त्या काही मिनिटांत सैल सीममधून पाण्याचा अगदी सूक्ष्म थेंब आत ओढला जातो. म्हणून थंड करण्याच्या पाण्यात क्लोरीन हवं, आणि ते टाकीच्या शेवटच्या टोकालाही शिल्लक दिसायला हवं. मे महिन्यात कोकणात विहिरी तळाला जातात, टँकर विकत घ्यावा लागतो, म्हणून कारखाना तेच पाणी फिरवत होता. डब्यांवर सांडलेला पल्प त्या पाण्यात धुतला जातो आणि तोच क्लोरीन खाऊन टाकतो. टाकीच्या शेवटी पाणी घेतलं, क्लोरीन तपासायची डीपीडीची गोळी टाकली. गुलाबी व्हायला हवं होतं. पाणी होतं तसंच राहिलं. रजिस्टरमध्ये दिवसभर दर तासाला "2 पीपीएम", एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेलं.

इथपर्यंत प्रकरण सरळ होतं. अडचण पुढे: न फुगलेल्या 2,386 डब्यांतले तीन नंबरच्या हेडचे कोणते? उकळायच्या जाळीत डबे मिसळतात, कोड सगळ्यांवर सारखा.

वाट काकांनीच काढली. तीन नंबरच्या चकच्या, म्हणजे सीम होताना झाकणात बसणाऱ्या चकतीच्या ओठाला जुना टवका उडालेला आहे, आणि झाकणाच्या खोलगट भागात, सीमच्या आतल्या भिंतीवर तो नखाएवढी तिरपी खूण सोडतो. बॅटरी तिरपी धरली की दिसते. फुगलेले चौदा डबे पाहिले. तेरांवर खूण. दोन दिवस, सहा माणसं, बॅटरी घेऊन: आणखी 583 सापडले.

मालकांना ते डबे फोडून, पल्प पुन्हा तापवून नव्या डब्यांत भरायचे होते. अठराशे किलो हापूस आहे, त्यांची कळकळ मला समजते. तरी मी नाही म्हटलं. न फुगलेला डबा म्हणजे चांगला डबा असं नाही. 1895 च्या सुमारास बोस्टनमध्ये प्रेस्कॉट आणि अंडरवुड यांनी बिघडलेल्या डब्यांतले उष्णतेला दाद न देणारे जिवाणू शोधले, तेव्हापासून डबाबंद अन्नात जिवाणूचा माग काढूनच निर्णय घेतात, चव घेऊन नाही. गळक्या डब्यात बुरशी किंवा काही जिवाणू वाढले तर ते आम्ल खातात, पीएच वर चढतो. तो 4.6 च्या पुढे गेला तर बोट्युलिनमच्या, म्हणजे जीवघेणं विष तयार करणाऱ्या जिवाणूला दार उघडतं. आंब्याचं आंबटपण हे आपलं कुलूप आहे, आणि गळक्या डब्यात ते कुलूप कुणी उघडलं की नाही हे बाहेरून कळत नाही. पुन्हा तापवल्यावर यीस्ट मरेल, पण त्याने काय केलं ते तसंच राहील. मालक एक रात्र थांबले आणि सकाळी खड्डा खणायला सांगितला.

आता चौदावा डबा. त्याच्यावर खूण नाही. त्याला फाडण्याआधी रिकामा करून धुतला, पाण्याखाली धरून आत हवेचा दाब दिला. एक बुडबुडा नाही. मग फाडला. जाडी 1.51, ओव्हरलॅप 1.1, घट्टपणा नव्वद. अंगाची उभी वेल्डिंग जिथे सीमला मिळते ती जागा कच्ची असते, म्हणून ती भिंगाखाली पाहिली. नीट. पोचा नाही. आणि आत तीच जत्रा, यीस्ट, दांडे, गोल. म्हणजे तोही गळला होता, आणि आता गळत नाही. जाळी गरम असताना आदळली आणि सीम क्षणभर उघडून पुन्हा बसली असेल. असं होतं. किंवा आंब्याचा एक धागा सीममध्ये अडकला होता आणि धुताना निघून गेला. असंही होतं. दोन्हींचा पुरावा माझ्याकडे नाही.

थंड करायचं पाणी तर चारही हेडना एकच होतं.

म्हणून उरलेले 1,803 डबे मी सोडलेले नाहीत. बेअरिंग बदललं, टाकीच्या शेवटी तासाला डीपीडी सुरू केली, तक्त्यात हेडचा नंबर आणि घट्टपणा हे रकाने आले. 1,803 मधले तीस उघडले, पीएच सगळीकडे 3.9, स्लाइड स्वच्छ. बाकीचे गोडाऊनमध्ये एकच थर करून मांडलेत, म्हणजे प्रत्येक झाकण दिसतं. काका रोज सकाळी लाकडी दांडीने एकेक ठोकतात. घट्ट पोकळीचा डबा खणखणीत वाजतो, सैल पडलेला बद्द. खरेदीदाराचा ट्रक दोनदा येऊन गेला.

आज एकोणिसावा दिवस. सगळे खणखणीत वाजले. मी मालकांकडून तीस दिवस मागितलेत.