रांगेत अडकलेले उत्तर

त्या गुरुवारी सकाळी साडेनऊला मी खराडीतल्या कार्यालयात पोहोचलो, तेव्हा कामे वाटून देणारी आमची सेवा चार तास गप्प होती. तीन सर्व्हरपैकी एकाने नेतृत्व करायचे आणि तो पडला की दुसऱ्याने ते घ्यायचे, यासाठी आम्ही अपाची झूकीपर ही सर्व्हरांमध्ये समन्वय ठेवणारी प्रणाली वापरत होतो. पण नेता पडलाच नव्हता.

"सर, सेशन तर जिवंत दिसतंय," माझी तरुण सहकारी म्हणाली. सेशन म्हणजे नेत्याचा झूकीपरशी चालू असलेला संवाद, आणि मेख तिथेच होती. आमच्या सेवेत बसणाऱ्या झूकीपरच्या जावा क्लायंटमध्ये झूकीपरच्या सर्व्हरशी बोलणारा आणि 'मी जिवंत आहे' असे सांगणारे पिंग पाठवणारा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा, वेगळा असतो. वॉचच्या घटना (झूकीपरमधली नोंद बदलल्याच्या सूचना) आणि असिंक्रोनस, म्हणजे न थांबता पाठवलेल्या विनंत्यांच्या, उत्तरांचे कॉलबॅक (उत्तर आल्यावर चालणारा कोड) मात्र दुसरा एकच थ्रेड एकामागून एक चालवतो. पहिला धडधाकट असल्याने सेशन संपत नव्हते, नेत्याचा तात्पुरता नोड (झूकीपरमधली सेशनसोबत संपणारी नोंद) पुसला जात नव्हता, आणि उरलेले दोन सर्व्हर स्वस्थ बसले होते.

प्रोसेस मारण्याची घाई सगळ्यांनाच होती, परंतु पुरावा जाऊ नये म्हणून मी आधी जेस्टॅक, म्हणजे प्रत्येक थ्रेड कुठे थांबला आहे ते दाखवणारा जावाचा अहवाल, काढायला लावला. त्यात डेडलॉक (थ्रेड एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकणे) सापडल्याची ओळ नव्हती. तासभर डोळे ताणल्यावर उलगडा झाला. आमच्या एका थ्रेडने कामांच्या यादीचे लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारे कुलूप) घेऊन असिंक्रोनस विनंती पाठवली होती आणि तिचा कॉलबॅक येईपर्यंत तो लॅचवर (खूण मिळेपर्यंत थ्रेडला अडवणाऱ्या अडसरावर) थांबला होता; दरम्यान वॉचची घटना आधी पोहोचली, ती हाताळणाऱ्या कोडला, म्हणजे हँडलरला, तेच लॉक हवे होते, आणि ज्या उत्तराने लॉक सुटले असते ते त्याच अडलेल्या थ्रेडच्या रांगेत मागे उभे होते. लॉकला धरणारा थ्रेड असतो, लॅचला नसतो. म्हणून जेस्टॅकला हे चक्र दिसत नाही.

यादी थ्रेड-सेफ व्हावी, म्हणजे अनेक थ्रेडनी एकदम वापरली तरी बिघडू नये, म्हणून ते लॉक मीच घातले होते. लॉक धरून नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहणे मी तेव्हा चालवून घेतले, याची मला मनापासून खंत वाटते.

दुपारी आम्ही ते लॉकच काढून टाकले. कॉलबॅकने घटना फक्त आमच्या रांगेत टाकायची आणि यादीला एकाच थ्रेडने हात लावायचा, असे ठरवले. साधा वॉच एकदाच वाजत असल्याने तो पुन्हा लावतानाच ताजी स्थिती वाचून घेण्याची व्यवस्थाही केली.

संध्याकाळी जुन्या कोडमध्ये लॉक घेतल्यावर, विनंती पाठवण्याआधी, दोन सेकंदांचा थांबा घालून आम्ही दुसऱ्या टर्मिनलवरून नोड बदलला. सेवा पहिल्याच फेरीत गोठली. त्याच प्रसंगाची चाचणी आता प्रत्येक बिल्डमध्ये चालते.