मारबतीच्या दिवशी इतवारीत पाहुणे फिरवताना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत मारबतींची मिरवणूक असते, गाडी शिरत नाही. त्यामुळे या खेपेच्या पुण्याच्या मंडळींना मी मेट्रोच्या ॲक्वा लाइनने आणलं. चितार ओळी चौक स्टेशनला उतरून आधी चितार ओळीतच फिरवलं. गणेश चतुर्थी तीन दिवसांवर आलेली असते, मूर्तींवर शेवटचा हात फिरत असतो आणि गर्दीत शिरण्याआधी शांतपणे बोलायला हीच एक जागा मिळते.

बोलायचं असतं ते दोन मारबतींबद्दल, म्हणजे मिरवून शेवटी जाळायच्या बाईच्या रूपातल्या उंच पुतळ्यांबद्दल, कारण पुढे ढोल-डीजेत शब्द ऐकू येत नाही. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची, तेली समाजाची. पिवळी जागनाथ बुधवारीतून निघते. काळीचं नातं बहुतेक जण नागपूरच्या भोसले घराण्यातल्या बांकाबाईंच्या इंग्रजांशी झालेल्या हातमिळवणीशी लावतात, कुणी पूतनेशी. एकच गोष्ट खरी म्हणून सांगू नये; वस्तीत प्रत्येक म्हातारा वेगळी सांगतो.

पाहुणे हमखास अडतात ते पिवळीपाशी. बायका हळद-कुंकू वाहतात, हार घालतात, लेकरांना दर्शनाला आणतात, आणि मिरवणूक संपली की तिलाच जाळतात. "मग ही देवी की राक्षसीण?" एका काकूंनी विचारलं. मी त्यांना घरोघरच्या रिवाजाकडे नेलं: पोळ्याला दाराशी पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, लावतात, दुसऱ्या सकाळी ते उचलून "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत" म्हणत वस्तीबाहेर टाकतात. दुखणं नेणाऱ्याला मान देऊनच वाटेला लावायचं असतं. काकूंना पटलं असावं; त्यांनी हात जोडले.

नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते तिथे उभं राहण्याची जागा हीच खरी कसोटी. चौकाच्या तोंडाशी थांबू नका. दोन्हीकडून रेटा येतो आणि मागे सरकायला वाव नसतो. आडव्या गल्लीतला उंच ओटा घ्या, मालकाला आधी विचारून. बाहेर पडायची गल्ली सकाळीच दाखवून ठेवा. ऐन वेळी मोबाइल लागेल याचा भरवसा नाही. मारबतीचा सांगाडा बांबूचा, वर कागद आणि रंग, आणि उंची एवढी की वाटेतल्या तारा सांभाळाव्या लागतात. तारेपाशी गाडा थांबला की मागची गर्दी मात्र थांबत नाही. दाबलं जातं ते तिथेच.

मिरवणुकीतले बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, पाहायचे तर ती पुढे सरकत असताना. महागाई, भ्रष्टाचार, वर्षभरातला एखादा घोटाळा, ज्याच्यावर राग त्याचा पुतळा, गळ्यात पाटी. पाट्यांवरची भाषा कधीकधी शिवराळ असते. मुलं सोबत असली तर मी अर्थ सांगताना थोडं गाळतो. माझ्या मते मारबतीपेक्षा बडगेच जास्त बोलतात, पण पाहुण्यांचे कॅमेरे नेहमी मारबतीकडे वळलेले.

कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी हवी, पावसासाठी आणि गुलालासाठीही. बोटं उघडी राहणारी चप्पल नको. पाणी आपलं आपण घ्या, बरीच दुकानं बंद असतात.

दुपारी जेवून विसावा घ्यायचा आणि संध्याकाळी तान्हा पोळा. लाकडी बैल ओढत आलेली पोरं बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागतात, म्हणून खिशात दहाच्या सुट्या नोटा ठेवायला मी सगळ्यांना आदल्या दिवशीच सांगतो.