आयर्लंडहून फ्रान्सला माल नेताय? इंग्लंडमधून जाऊ नका

ज्या कंपनीसाठी मी सात वर्षं ट्रक चालवला ती २०२१ मध्ये बंद पडली, नाव सांगत नाही, वेक्सफर्ड भागातली घरगुती कंपनी होती, वीसेक गाड्या. आता आपल्याकडची बरीच पोरं आयर्लंडला ट्रकवर यायला लागलीत आणि मला एकच प्रश्न विचारतात, की कॉन्टिनेंटला, म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीवर, जायचं तर रूट कुठला घ्यायचा. म्हणून हे लिहितोय. गाडी कशी चालवायची, लायसन्स कसं काढायचं यात शिरत नाही, एवढंच सांगतो की भारतातलं हेवी लायसन्स इथं बदलून मिळत नाही. मी डिचोलीचा, २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा माझा टिपर दारात उभा राहिला, पोर्तुगीज पासपोर्ट काढून इथं आलो आणि कारपासून आर्टिकपर्यंत (मागं ट्रेलर जोडलेला मोठा ट्रक) सगळ्या टेस्ट पहिल्यापासून दिल्या. तुम्ही तेवढं केलंय असं धरून पुढचं वाचा.

रूट दोन. एक म्हणजे लँडब्रिज: आयर्लंडहून बोटीनं वेल्स, वेल्सपासून डोव्हरपर्यंत रस्त्यानं, आणि डोव्हरहून परत बोटीनं कॅले. दुसरा म्हणजे रॉसलेअर किंवा डब्लिनहून थेट फ्रान्सची बोट. ब्रेक्झिटआधी सगळे लँडब्रिजनंच जायचे, वर्षाला दीड लाखाच्या आसपास ट्रक, कारण कागदावर तो वीस तासांच्या आत होतो आणि थेट बोटीनं चाळीस तासांपर्यंत धरतात. हा वीस तासांचा आकडा मला पहिल्या दिवसापासून ऐकवला गेला. आमचा प्लॅनर, म्हणजे ऑफिसात बसून ट्रिपा ठरवणारा माणूस, तो असा सांगायचा की जणू देवानंच लिहून दिलाय. तो आकडा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, सगळं सुरळीत असलं तर होतातच वीस तास. पण काही बिघडलं तर तुम्ही कुठं अडकता हे त्या आकड्यात नसतं, आणि बिघडतं ते नेहमी केंटमध्येच, म्हणजे डोव्हर ज्या काउंटीत आहे तिथं.

डिसेंबर २०२० ची ट्रिप. माल ताजा, बर्फातला: लँगोस्टीन, ज्याला इथं डब्लिन बे प्रॉन म्हणतात, दिसायला शेवंडाच्या पिल्लासारखं, आणि त्यासोबत कुर्ल्या आणि थोडी मासळी. जायचं बुलोन-सुर-मेरला, फ्रान्समधल्या मासळीचं सगळ्यात मोठं ठिकाण, कॅलेपासून अर्ध्या तासावर, आणि उरलेला माल पॅरिसजवळच्या रुंजिस मार्केटला. नाताळच्या आठवड्यात फ्रेंच लोक या मालाला वाटेल तो भाव देतात म्हणून घाई. सोमवारी २१ तारखेला सकाळी बुलोन गाठायचं होतं.

शनिवारी रात्री रॉसलेअरहून पेम्ब्रोकची बोट घेतली, चार तास. मी प्लॅनरला विचारलं होतं की याच धक्क्यावरून फ्रान्सच्या शेरबुर्गची बोट सुटते, तिच्यावर का नाही? तो म्हणाला महाग पडते आणि उशीर होतो. बरं म्हटलं. वेल्समध्ये झोप काढली, रविवारी दुपारी निघालो, ए४० वरून एम४. न्यूपोर्टच्या बोगद्यापाशी नेहमीसारखं तुंबलेलं, सेव्हर्न पुलावरचा टोल २०१८ पासून गेलाय, बाकी या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

एम२५ वर क्लॅकेट लेन सर्व्हिसला चहाला थांबलो तेव्हा साडेआठ झाले होते. तिथं एक रोमानियन ड्रायव्हर फोन दाखवत सगळ्यांना सांगत होता की कोरोनाच्या नव्या व्हेरियंटमुळे फ्रान्सनं रात्री अकरापासून बॉर्डर बंद केलीय, ४८ तास. ड्रायव्हरसकट जाणारा ट्रक नाही, नुसता ट्रेलर गेला तर चालेल. मी प्लॅनरला फोन लावला, म्हटलं मागं फिरतो, उद्या रॉसलेअरला परत येतो, थेट बोटीनं जातो. तो म्हणाला, "अजून अडीच तास आहेत, तू पोचतोस, पळ." मी पळालो. या एका फोनचा राग माझा आजपर्यंत गेलेला नाही. नकाशावर तास-सव्वातासाचं अंतर होतं, पण माझ्यासारखं हेच ऐकून पळालेले हजारो ट्रक पुढं होते. साडेनऊला मेडस्टोन सोडल्यावर एम२० वर लाल दिव्यांची भिंत दिसली आणि गाडी थांबली ती थांबलीच.

आता एम२० बद्दल नीट वाचा. मेडस्टोन ते ॲशफर्ड हा तुकडा. डोव्हरला संप झाला, वारा सुटला, बॉर्डर बंद झाली की पोलीस याच मोटरवेवर ट्रक उभे करतात, २०१५ च्या उन्हाळ्यातही असंच कित्येक दिवस चाललं होतं. म्हणजे हे अचानक घडणारं संकट नाही, ही तिथली ठरलेली पद्धत आहे. रस्ता म्हणून चांगला आहे, मुक्कामाची जागा म्हणून माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट. दोन्ही बाजूंना कुंपण, पुढं-मागं ट्रक, वळायला जागा नाही. टॉयलेट नाहीत. दुसऱ्या दिवशी थोडी पोर्टेबल टॉयलेट आली ती माझ्यापासून चालत अर्ध्या तासावर, आणि गाडी सोडून अर्धा तास गेलो आणि तेवढ्यात रांग हलली तर? चार दिवस हाच हिशोब डोक्यात. डिसेंबरचा पाऊस, साडेतीनला संध्याकाळ, आणि सगळीकडून हॉर्न. कोणीतरी एक सुरू करायचा आणि मग मैलभर सगळे, रात्री दोनलासुद्धा.

सगळ्यात मोठा घोर फ्रीजचा. रीफरचं, म्हणजे फ्रीजवाल्या ट्रेलरचं, इंजिन तासाला साधारण तीन लिटर डिझेल खातं, आणि माझी फ्रीजची टाकी अर्धीच भरलेली, कारण वीस तासांना तेवढी पुरते. मंगळवारी सकाळी काटा तळाला लागला. माझ्याकडे नळी होती, गोव्यात टिपरवर लागलेली सवय, ट्रकच्या टाकीतून डिझेल ओढून फ्रीजमध्ये घातलं आणि बाजूच्या एका लिथुआनियन माणसालाही काढून दिलं, त्याच्याकडे टर्की होत्या. म्हणून सांगतो: फ्रीजची टाकी कायम फुल्ल, आणि तीन मीटर स्वच्छ नळी केबिनमध्ये ठेवा. माझ्या मागच्याकडे नळी नव्हती, त्याचा अख्खा माल दुपारपर्यंत गेला.

पैशांचं सांगायचं तर अडकलेल्या माणसाला लुटणारे तिथंही निघालेच. एका व्हॅनवाल्यानं बर्गर आणि चिप्सचे माझ्याकडून १५ पौंड घेतले आणि कार्ड नको, रोख द्या म्हणाला. घेऊ नका. त्याच संध्याकाळी जवळच्या गावातल्या बायका पुलावरून दोरीला पिशव्या बांधून सँडविच आणि पाणी खाली सोडत होत्या, फुकट. केबिनमध्ये चार दिवसांचं खाणं ठेवाच: पोहे, रेडी टू ईट डाळ, सुका बांगडा नको (केबिनला वास लागतो तो महिनाभर जात नाही), दहा लिटर पाणी, छोटा गॅस.

मंगळवारी रात्री काचेवर टकटक झाली. बघतो तर पगडीवाला तरुण, हातात डबा. ग्रेव्हझेंडच्या गुरुद्वारात दिवसभर स्वयंपाक करून खालसा एड या शीख मदत संस्थेची मंडळी पोलिसांच्या गाडीमागून मोटरवेवर आली होती, आठशे लोकांचं जेवण घेऊन, काहींना छोले-भात आणि काहींना मश्रूम पास्ता. मी हिंदीत बोललो तर त्याला विश्वासच बसेना, म्हणाला, "पाजी, आप यहाँ कैसे?" गरम छोले-भात होता. मी रडलो, सांगायला लाज वाटत नाही. दोन वर्षांनी बायको-मुलांना घेऊन त्या गुरुद्वारात जाऊन आलो. तुम्हीही जा, पण कारनं, तिथल्या गल्ल्यांत आर्टिक घुसवू नका.

बुधवारी कळलं की फ्रान्स म्हणतोय, निगेटिव्ह टेस्ट दाखवा आणि या, टेस्ट ७२ तासांच्या आतली हवी. आमच्या रांगेला सांगितलं, मॅन्स्टनला जा, टेस्ट तिथं आहे. मॅन्स्टन म्हणजे रॅम्सगेटजवळचा जुना विमानतळ, धावपट्टीवर ट्रकच ट्रक लावलेले. मी गेलो, आणि तीसुद्धा चूक ठरली, कारण दुसऱ्या दिवशी मिलिटरीची पोरं एम२० वरच केबिन-केबिन फिरून टेस्ट करायला लागली आणि माझ्या मागचे काहीजण माझ्याआधी बोटीवर गेले. मॅन्स्टनला त्या दिवशी ड्रायव्हर आणि पोलिसांत ढकलाढकली झाली, मी केबिनमधून उतरलो नाही. २४ तारखेला नाकात काडी घातली, अर्ध्या-पाऊण तासात निगेटिव्ह. नंतर वाचलं की पंधरा हजारांवर टेस्ट झाल्या आणि पॉझिटिव्ह निघाले चाळिसाच्या आत. एवढ्यासाठी चार रात्री.

२५ ला पहाटे डोव्हर. नाताळच्या दिवशी बोटी चालू ठेवल्या होत्या. दीड तासाचं पाणी, मी डेकवर उभा राहिलो, थंडीनं कान बधिर, पण मागं ते पांढरे कडे लहान होत जाताना इतकं हलकं वाटलं की सांगू शकत नाही. त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं तर मी पुन्हा डोव्हरनंच जाईन म्हटलं असतं! बोटीवरच्या आनंदात कुठलाही रूट ठरवू नका.

बुलोनला माल घेतला नाही. फ्रीजचा प्रिंटआउट सगळा २ डिग्रीच्या आत होता, तरी चार दिवस उशिरा आलेलं लँगोस्टीन कोण घेणार, काळं पडलेलं. पण त्या प्रिंटआउटमुळेच दोष माझ्यावर आला नाही. तो कागद रोज काढा, फोटो काढून ठेवा, आणि सीएमआरवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतुकीच्या कागदावर, कुठं किती वेळ थांबलो ते लिहून घ्या. टॅकोचंही (चालवण्याचे आणि विश्रांतीचे तास नोंदवणारं यंत्र) तसंच. रांगेत गाडी दहा मीटर सरकली तरी तुमची ९ तासांची विश्रांती तुटते, तेव्हा टॅकोचा प्रिंटआउट काढून मागच्या बाजूला पेननं कारण, जागा, वेळ लिहा. पुढं जर्मनीत मला याच कागदानं वाचवलं.

पगाराचं सांगतो. कंपनी ट्रिपवर पैसे द्यायची, तासावर नाही. थांबलेल्या दिवसांचे पैसे मागितले तर उत्तर आलं, चाक फिरलं नाही. भांडून दोन दिवसांचे मिळाले. ट्रिपच्या पैशांवर नोकरी घेऊ नका, बास. आणि सहा महिन्यांनी कंपनीच बंद झाली, पाच आठवड्यांचा पगार थकलेला. कंपनी गुंडाळायला लिक्विडेटर नेमला गेला म्हणून आयर्लंड सरकारच्या इन्सॉल्व्हन्सी पेमेंट्स स्कीममधून पैसे मिळाले, तिथं जास्तीत जास्त ८ आठवड्यांचं आणि आठवड्याला ६०० युरोपर्यंत मिळतं. १०४ आठवडे नोकरी झाली असेल तर रिडंडन्सी, म्हणजे नोकरी गेल्याची भरपाई, वेगळी. पण पेस्लिपा लागतात. माझ्या सोबतच्या एका पोलिश माणसानं एकही ठेवली नव्हती, त्याला वर्ष लागलं.

आता थेट बोटीचं. २ जानेवारी २०२१ ला रॉसलेअर–डंकर्क सुरू झाली, साधारण २४ तास. शेरबुर्गला सतरा-अठरा तास. बुलोन, बेल्जियम, हॉलंडला डंकर्क घ्या. पॅरिस आणि खाली जायचं तर शेरबुर्ग. केबिन मिळते, जेवण मिळतं, विश्रांती बोटीवरच होते आणि तुम्ही फ्रान्समध्ये ताजे उतरता. बुकिंग करतानाच रीफरला प्लग लागणार हे सांगा, आणि गाडी लावली की फ्रीज विजेवर आलाय हे स्वतः बघा, कोणाच्या शब्दावर जाऊ नका. समुद्रात असताना ट्रककडे जाता येत नाही, तेव्हा कपडे, चार्जर, औषधं पिशवीत आधीच घ्या. हिवाळ्यात बोट हलते, फार हलते, उलटीची गोळी चढण्याआधी घ्या, नंतर उपयोग नाही. फ्रान्समध्ये उतरल्यावर आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत डावी बाजू आंधळी असते, पहिला तास ओव्हरटेक करूच नका.

डिसेंबर २०२२ ला नव्या कंपनीच्या प्लॅनरनं विचारलं, डोव्हरनं जातोस का, चार तास वाचतील. मी नाही म्हटलं, आणि का ते सांगितलं. डंकर्कची बोट घेतली, जेवलो, झोपलो, उतरून तासाभरात बुलोन. दोन वर्षांपूर्वीचाच तो माल घेणारा माणूस. त्यानं एक पेटी उघडली, कुर्ली हातात घेतली, ती अजून नांगी हलवत होती, आणि त्यानं उभ्या उभ्या सही केली.