डिकी मोजून घेतलेली गाडी

आपल्याकडे जिला स्टेशन वॅगन म्हणतात, तिला इथे इंग्लंडमध्ये इस्टेट म्हणतात. टाटांनी १९९२ मध्ये नेमक्या याच नावाची गाडी काढली होती आणि २००४ मध्ये इंडिगो मरीनाही आणली, पण मागे लांबलेली गाडी आपल्या मंडळींच्या मनात कधी भरली नाही. मरीना दिसली की माझे काका ‘पेशंट कोण आहे?’ असे विचारीत. मीही लंडनजवळच्या रेडिंगला आल्यावर पहिली सहा वर्षे एका लहान हॅचबॅकवरच काढली. मात्र २०२४ च्या उन्हाळ्यात आई-बाबांना हीथ्रोवरून आणताना आईची घडीची व्हीलचेअर माझ्या पत्नीच्या मांडीवर आणि एक सूटकेस दोन मुलांच्या मध्ये उभी करून घरी यावे लागले, तेव्हा ही गाडी बदलायची असे ठरले.

उंच एसयूव्हीचा मोह झाला नाही असे म्हणता येणार नाही. परंतु त्याच मापाच्या इस्टेटपेक्षा ती जड असते, वारा जास्त अडवते आणि तेवढ्याच अंतराला जास्त इंधन पिते. शिवाय इस्टेटच्या डिकीचा उंबरा खाली असतो, त्यामुळे व्हीलचेअर फार उचलावी न लागता आत सरकवता येते. सत्तरी ओलांडलेल्या बाबांना ते एकट्याने जमले पाहिजे, ही माझी खरी अट होती.

डिकीच्या मापाबद्दल कागदावर लिटरचे आकडे मिळतात. २०१३ नंतरच्या स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेटची ६१० लिटर, त्याच काळातल्या गोल्फ इस्टेटची ६०५, होंडा सिव्हिक टूररची ६२४ आणि टोयोटा ऑरिस टूरिंग स्पोर्ट्‌सची ५३०, असा तो हिशेब आहे. हे आकडे डिकीत एकेक लिटरचे ठोकळे रचून काढतात आणि त्यात कधी तळाखालचा कप्पाही धरलेला असतो. सिव्हिकच्या आकड्यात तो आहे. ठोकळे कुठल्याही कोपऱ्यात बसतात, हार्मोनियमची पेटी बसत नाही. म्हणून मी घरातल्या चार वस्तू मोजून वहीत लिहून घेतल्या: व्हीलचेअर, मोठी सूटकेस, पेटी आणि गणपतीच्या मखराची सर्वांत लांब फळी, जी १७२ सेंटीमीटर भरली. पुढे प्रत्येक गाडीपाशी मी टेप घेऊन मागच्या दोन चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी, उंबऱ्याची उंची आणि एका बाजूची सीट पाडल्यावर मिळणारी लांबी मोजत असे. विक्रेते आधी बोनेट उघडत आणि मी डिकीकडे वळलो की जरा गोंधळत.

इंजिनाचा प्रश्न मात्र टेपने सुटणारा नव्हता. ऑक्टाव्हियाची १.६ डिझेल लांब पल्ल्याला फार कमी खर्चात चालते, आणि मला मनापासून तीच हवी होती. परंतु आमची रोजची फेरी शाळेपर्यंतच्या दोन मैलांची. डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी एक गाळणी असते आणि ती साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन बराच वेळ तापलेले राहावे लागते. दोन मैलांत ते धड गरमही होत नाही, मग गाळणी तुंबते आणि ती बदलण्याच्या खर्चात इंधनाची सगळी बचत वाहून जाते. त्यातून २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचा प्रदूषण-शुल्काचा पट्टा शहराच्या सर्व बरोंमध्ये, म्हणजे स्थानिक विभागांमध्ये, लागू झाला असून हीथ्रोही त्यात येते. धुराच्या युरो ६ मानकात न बसणारी जुनी डिझेल गाडी तिथे नेली की दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. आमच्याकडे पाहुण्यांची ये-जा ज्या प्रमाणात असते, ते पाहता हा आकडा किरकोळ नव्हे.

एका डीलरकडे चकचकीत गाडी मिळाली होती. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झाल्याचे त्याने दोनदा सांगितले. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी ही सुरक्षिततेची सक्तीची तपासणी होते आणि नंबर टाकला की तिचा जुना इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. मी त्याच्या दारातच उभा राहून तो वाचला. ‘मागच्या ब्रेकच्या नळीला गंज’ हा शेरा ओळीने तीन वर्षे होता. शेवटी ती नापास झाल्यावरच कोणीतरी नळी बदलली होती. ज्या मालकाने ब्रेकविषयीचा इशारा दोनदा कानाआड केला, त्याने ऑइल तरी वेळेवर बदलले असेल का, या शंकेवर मी ती गाडी सोडली.

अखेर पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड ऑरिस घ्यायचे ठरवले. तिची बॅटरी मागच्या सीटखाली असल्यामुळे डिकीची जागा खात नाही. क्लच, स्टार्टर आणि अल्टरनेटर हे नेहमी खर्चात पाडणारे भाग तिच्यात नाहीतच, आणि शाळेच्या रांगेत तर ती बहुतेक वेळ विजेवर सरकते. अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंग केले की पुढच्या वर्षाची वॉरंटी मिळते, आणि गाडी १० वर्षांची किंवा १ लाख मैल चाललेली होईपर्यंत ही सोय राहते.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. १ एप्रिल २०१७ च्या आधी नोंदलेल्या गाडीचा रोड टॅक्स तिच्या कार्बन उत्सर्जनावर ठरतो, त्या दिवसापासून नोंदलेल्यांना मात्र सरसकट दर लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या गटातल्या सर्वांत स्वच्छ गाड्यांना वर्षाला २० पौंड झाले आणि दुसऱ्या गटाला १९५. गंमत अशी की ‘१७’ आकड्याची नंबरप्लेट मार्च ते ऑगस्ट २०१७ अशी चालू होती, त्यामुळे प्लेटवरून काहीच कळत नाही. लॉगबुकातली, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रातली, पहिल्या नोंदणीची तारीखच पाहावी लागते. मी घेतलेली गाडी २३ मार्चची आहे. नऊ दिवस उशिरा नोंदलेली तिची बहीण मला दरवर्षी १७५ पौंडांनी महाग पडली असती.

मे २०२५ मध्ये ६८ हजार मैल चाललेली ती गाडी मी एका परिचारिकेकडून थोडी घासाघीस करून ९,१०० पौंडांना घेतली. खासगी व्यवहारात डीलरकडच्यासारखा ३० दिवसांत गाडी परत करण्याचा हक्क नसतो, म्हणून गाडीचे जुने अपघात आणि तिच्यावरचे कर्ज यांची पैसे भरून होणारी तपासणी आधी करून घेतली. डिकी त्यांच्या कुत्र्याच्या पांढऱ्या केसांनी भरलेली होती. ते पाहून पत्नीने नाक मुरडले, पण मला वेगळीच चिंता होती: हायब्रिडची बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते आणि तिथे केस अडकले की बॅटरी तापते. मेकॅनिकने जाळी काढली तेव्हा आतून नमद्यासारखा एक जाड थर निघाला.

आता टाकी भरून मोजलेले अ‍ॅव्हरेज गॅलनला ५५ मैल, म्हणजे लिटरला साडेएकोणीस किलोमीटर पडते. मोटरवेवर ते थोडे घसरते. हायब्रिड गाड्यांचे धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोर कापून नेतात, त्यामुळे खाली लोखंडी कवच बसवायचे आहे, ते अजून राहिले आहे. मखराची फळी मात्र तिरकी न करता बसली. मंडळाच्या हॉलवर मखराची लाल मखमल झटकली, तेव्हा त्या कुत्र्याचे आणखी चार केस निघाले.