रॉबिनसाठी थांबावं लागतं

व्हिडिओ गेमच्या हिशेबाने २००८ साल म्हणजे पार जुना जमाना. त्या वर्षी आलेला ‘लेगो बॅटमॅन’ (लेगो म्हणजे एकमेकांत जोडायचे ते प्लास्टिकचे ठोकळे, गेममधली दुनिया त्यांचीच) मी परवा कॉम्प्युटरवर पुन्हा टाकला. मुलीसाठी टाकतोय, असं घरात सांगितलं. कुणाचाच विश्वास बसला नाही. कंट्रोलर तिच्या हातात, मी कीबोर्डवर. ती बॅटमॅन, मी त्याचा जोडीदार रॉबिन. यावर चर्चा झालीच नाही.

इंग्लंडच्या ट्रॅव्हलर्स टेल्स या कंपनीने २००५ मध्ये ‘लेगो स्टार वॉर्स’ काढून या गेम्सचा साचा बसवला होता. दिसेल ते फोडायचं, उडालेल्या तुकड्यांमधून काहीतरी जोडायचं आणि सांडलेली नाणी वेचायची. आपल्याजवळ जीव मोजणारे चार बदाम असतात, पत्त्यांतल्यासारखे. ते संपले की आपलेच हातपाय सुटे होऊन उडतात, आणि पुढच्याच क्षणी आपण परत ठणठणीत उभे. रक्त नाही, सगळं पहिल्यापासून खेळा ही शिक्षा नाही. फक्त जवळची थोडी नाणी सांडतात आणि ती जोडीदाराला उचलता येतात! त्यामुळे रॉबिन फुटला की आमच्याकडे कुणी हळहळत नाही. बॅटमॅन धावत येतो तो थेट नाण्यांवर. निळं नाणं हजाराचं, जांभळं दहा हजारांचं. हा हिशेब पोरीला पाढ्यांपेक्षा पक्का येतो.

या गेममधली पात्रं बोलत नाहीत. सगळी गोष्ट हातवारे, भुवया आणि हुंकार यांवर चालते. मागे वाजतं ते डॅनी एल्फमनचं संगीत, १९८९ च्या बॅटमॅन सिनेमाचं. एवढं गंभीर संगीत आणि त्यावर तुरुतुरु धावणारा हा बुटका! पडद्यावर कुणी इंग्रजी बोलत नसल्यामुळे खोलीत जे काही बोलणं होतं ते आमचंच, आणि ते शांतपणे होत नाही. “अगं, तिथे चुंबकवाला सूट लागतो, तो माझ्याकडे आहे!” “मग चढ ना लवकर!” धातूच्या भिंतीवर रॉबिनच चालू शकतो. रुपेरी वस्तू उडवायला बॅटमॅनचे बाँब लागतात. कोडी रचणाऱ्याने अडचणी दोघांत अशा वाटून दिल्या आहेत की एकट्याचं पान हलत नाही.

पण माझा खरा जीव जडलाय तो या गेमच्या एका दोषावर. दोघांना मिळून स्क्रीन एकच. ती उजवीकडे धावली आणि मी डावीकडे नाणी वेचत बसलो, की कॅमेरा थोडा मागे सरकतो, मग हट्टाने थांबतो आणि दोघंही स्क्रीनच्या कडांना अडकतात. त्यावरून आमची रोज भांडणं होतात. “बाबा, ये ना इकडे!” “तू थांब की, एकच राहिलंय.” शेवटी कुणीतरी माघार घेतं. बहुतेक वेळा रॉबिन.

हा त्रास पुढे त्यांनी दूर केला. २०१२ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात खेळाडू लांब गेले की स्क्रीन आपोआप दुभंगते आणि जवळ आले की जुळते. पात्रं बोलायला लागली, अख्खं गॉथम शहर फिरायला मोकळं झालं. कारागिरी म्हणून बघाल तर पहिल्यापेक्षा कितीतरी सरस. आम्ही तोही खेळून पाहिला. सुपरमॅन हाती लागल्यावर ती इमारतींवरून उडत सुटली आणि मी खाली रस्त्यावर गाड्या फोडत बसलो. तिची अर्धी स्क्रीन तिच्याकडे, माझी माझ्याकडे. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एकाच सोफ्यावर बसून दोघं आपापला गेम खेळत होतो. सोय झाली खरी, पण मला काही ते पटलं नाही. (तिला पटलं होतं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तिला उडायला मिळत होतं.)

पहिल्याकडे परत आलो ते फ्री प्लेमुळे. एकदा पार केलेली लेव्हल दुसरी पात्रं घेऊन पुन्हा खेळता येते, आणि आधी बंद असलेली दारं आता उघडतात. प्रत्येक लेव्हलमध्ये दहा मिनीकिट, म्हणजे शोधून गोळा करायच्या छोट्या वस्तू, दडवलेले असतात. पहिल्या खेपेला ते सगळे हाती लागत नाहीत. म्हणजे परत येणं हे या गेमच्या रचनेतच आहे. शिवाय अर्धा गेम खलनायकांचा. रिडलर, पेंग्विन आणि जोकर यांच्या बाजूने तीच भानगड उलटी खेळायची. पोरीला तिथे आल्यावर बॅटमॅनचा पार विसर पडला.

सध्या ती पेंग्विन आहे. छत्री उघडून तरंगत जाणं तिला इतकं आवडतं की सपाट जमिनीवरही ती उड्या मारत छत्री उघडते. मी पुढे दाराशी ताटकळत उभा असतो, स्क्रीनच्या कडेला नाक लावून. हाक मारली की उत्तर येतं, “बाबा, तू मागे ये ना, कॅमेरा तुझ्यामुळे अडलाय.”