आर्वीच्या रस्त्यावर बारा सिलिंडर

मागच्या आठवड्यात दोन दिवस आमच्या गॅरेजच्या शेडखाली बीएमडब्ल्यूची एम-७६०-एलआय उभी होती. काळी, २०१८ चं पासिंग, मीटरवर २४ हजार किलोमीटर. आमच्या तालुक्यातले जिनिंगवाले एक काका ती नागपूरहून जुनी घ्यायच्या विचारात आहेत. विकणाऱ्यानं विश्वासानं दोन दिवस पाहायला दिली. काका किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "बाबू, पैशाचं मी पाहतो. गाडी कशी हाये थे तू सांग."

मी नऊ वर्षं नागपूरला मोठ्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली. बाबा गेल्यावर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला परत आलो. इथे बोलेरो येते, पिकअप येते, ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप येतो. बारा सिलिंडरचं इंजिन पुन्हा कधी हाताखाली येईल असं वाटलं नव्हतं. त्या रात्री मी जेवायला घरी उशिराच गेलो.

बाबा बैल पाहायला जायचे तेव्हा मी सोबत असायचो. आमचा भाग गवळाऊचा, चपळ जात. विकणारा हटकून बैल पळवून दाखवायचा. बाबा म्हणायचे, राहू द्या, त्याला पाणी पाजा. मग तो पाणी पिताना, जागेवर वळताना, बसल्याचा उठताना ते बघत उभे राहायचे. मीही गाडी तशीच पाहतो. ही पळते यात शंका कसली? ६१० हॉर्सपॉवर, ८०० न्यूटन मीटर टॉर्क, थांबलेली गाडी १०० वर जायला ३.७ सेकंद. हे सगळं कंपनीनं आधीच मोजून ठेवलं आहे. मला पाहायचं होतं ते उभ्या गाडीत आणि हळू चालणाऱ्या गाडीत.

रात्री दहाला गाडी सपाट फरशीवर लावली आणि चारही चाकांच्या कमानीपासून फरशीपर्यंतचं अंतर टेपनं मोजून भिंतीवर खडूनं लिहिलं. हिला चारही बाजूंना स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे आहेत. कुठे बारीक गळती असेल तर रात्रभरात तो कोपरा खाली बसतो, आणि सकाळी इंजिन सुरू झालं की कॉम्प्रेसर पुन्हा उचलून धरतो. गिऱ्हाईक गाडी पाहायला येतं तोवर सगळं सरळ झालेलं असतं. म्हणून सकाळी सहाला, किल्ली न लावता, परत मोजलं. एक सूतही फरक नव्हता.

मग इंजिन सुरू केलं. बारा सिलिंडर म्हणजे सहा-सहाच्या दोन रांगा, ६० अंशांत एकमेकींना टेकवलेल्या. सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन मुळातच समतोल असतं, इथे तशी दोन एकाच क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या दांड्यावर. क्रँकच्या दोन फेऱ्यांत बारा स्फोट, म्हणजे दर ६० अंशांना एक. एका सिलिंडरचा जोर ओसरायच्या आत पुढचा लागतो, मध्ये पोकळी राहतच नाही. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावली. गॅरेजमध्ये आम्ही असंच ऐकतो. एखादा इंजेक्टर आळशी असेल, चेन सैल असेल तर ते हाडातून कळतं. मला ऐकू आली फक्त एकसारखी घरघर, दळताना दाणे संपत आले की जातं जसं हलकं होतं तशी. दोन्ही रांगा ऐकल्या, दोन्ही टर्बोंजवळ, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्यांजवळ ऐकलं. माझा पोरगा शेजारी उभा होता, तो म्हणाला, "बाबा, सुरू आहे ना?"

युद्धानंतर जर्मनीत बारा सिलिंडरची पहिली मोटार याच कंपनीनं काढली, १९८७ मध्ये, ७५० आय. हिच्यातलं ६.६ लिटरचं इंजिन त्याच वंशातलं, रोल्स रॉइस घोस्टमध्येही याचंच भावंड बसायचं. जून २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूनं आपल्या गाडीसाठी हे इंजिन बनवणं बंद केलं. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. विजेच्या गाड्या यायलाच हव्यात, उन्हाळ्यात आमच्याकडे श्वास घेणं कठीण होतं ते मी रोज पाहतो. पण माणसानं लोखंडातून एवढी शांतता काढली होती, ती हातानं चाचपता आली याचं मला समाधान आहे.

आता टायर. पुढे २४५, मागे २७५ रुंदीचे, २० इंची रिमवर. नक्षी भरपूर, दिसायला कोरे. पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचायचे. इथे ३११७ होतं, म्हणजे २०१७ सालच्या ३१ व्या आठवड्यात बनलेला. गाडी कमी चालली, टायर मात्र म्हातारे झाले. चारही तेव्हाचेच. नख दाबलं तर रुतत नव्हतं, आणि रिमजवळ केसासारख्या बारीक चिरा. जवळपास २२०० किलोची गाडी, वर मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन आणि खाली समृद्धीचा काँक्रीटचा तापलेला रस्ता. असा टायर दुपारी फुटला तर ६१० घोड्यांतला एकही कामाला येत नाही. डिकीत स्टेपनीही नाही, पंक्चरचं किट आणि हातभर पंप आहे. काकांना मी त्याच वेळी फोन केला की टायर बदलल्याशिवाय घरच्या कोणालाही यात बसवून लांब नेऊ नका. ब्रेकच्या डिस्क व्हर्नियरनं मोजल्या, कडेला नख अडकेल एवढीही धार नव्हती. आतल्या पडद्यांबद्दल, मालिशच्या सीटबद्दल विक्रेता सांगेलच, सगळं चालतं.

पहाटे रस्ता थंड असताना विरुळपर्यंत आणि तिथून समृद्धीवर येळाकेळीपर्यंत नेऊन आणली. समृद्धीवर १२० ची मर्यादा, ती मी पाळली. १२० ला इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजाराच्या आतच राहतो, इंजिन जागं आहे हेही कळत नाही. अशा गाडीला तिथे कामच नाही. काम तिला गावातून निघताना पडतं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे, हळूहळू चढत जाणारा. आमच्या रस्त्यावर तो एका रात्रीत पडतो, पाटीभर डांबराचा ढिगारा, ना पट्टे ना पाटी. या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत ३.२१ मीटर अंतर आहे. पुढची चाकं उतरली की पोट त्या ढिगाऱ्यावर येतं. त्यासाठी एक बटण आहे, दाबलं की गाडी २० मिलिमीटर वर उचलली जाते. मी दोन ठिकाणी पोराला उतरवून खाली वाकून बघायला लावलं. पहिल्या जागी बोटभर जागा राहिली. दुसऱ्या जागी त्यानं हात वर केला, मी मागे घेतली आणि तिरकी काढली. एवढी सव्वापाच मीटरची गाडी गल्लीत वळते मात्र सोपी, कारण हळू चालताना मागची चाकंही थोडी उलट्या दिशेनं फिरतात. आमच्या गॅरेजच्या फाटकातून ती एका दमात वळली, स्कॉर्पिओला दोनदा मागेपुढे करावं लागतं.

पेट्रोलचंही सांगून ठेवतो. अशा टर्बो इंजिनाला ९५ ऑक्टेन द्यावं. त्याहून कमी ऑक्टेनचं घातलं तर ठोके पडू नयेत म्हणून इंजिन स्वतःच स्पार्क थोडा उशिरा पाडतं. बिघडत नाही, पण ज्या ताकदीचे पैसे दिले ती मिळत नाही.

संध्याकाळी गाडी काकांच्या घरी नेली. खरं कारण तिथे कळलं. आजीला महिन्यातून दोनदा नागपूरला दवाखान्यात न्यावं लागतं. वय ८२, कंबर आणि दोन्ही गुडघे गेलेले. आत्ताच्या उंच गाडीत चढताना त्यांना खाली स्टूल लागतो आणि वाटभर कंबर दुखते. काकांना वाटलं, देशात जी सगळ्यात आरामाची गाडी मिळेल ती आईसाठी घ्यावी. २०१७ मध्ये ही भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत सव्वादोन कोटींच्या वर होती, जुनी आहे म्हणून हाताशी आली.

आजी मागे बसल्या. सीट मागे रेलली, पाय वर आले, त्यांनी डोळे मिटले. पंधरा मिनिटं आम्ही त्यांना तळेगावच्या रस्त्यानं फिरवलं, तो खड्ड्यांचा तुकडाही घेतला. काही बोलल्या नाहीत. काकांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान कधी पाहिलं नाही. मग घरासमोर थांबलो आणि आजी उतरायला लागल्या. एक पाय बाहेर, हात दाराला, आणि तिथेच अडकल्या. सीट जमिनीला फार जवळ. दोनदा जोर लावला, जमलं नाही.

"बसाले बरी हाये रे बापू," मला म्हणाल्या, "पन उठाले लय खोल हाये."

मी इंजिन सुरू ठेवून बटण दाबलं. गाडी हळूच दोन सेंटिमीटर वर आली. काकांनी काखेत हात घातला, मी ओट्यावरचा पाट आणून पायाखाली दिला. आजी उठल्या, पण धाप लागली होती.

काकांना मी तिथेच ओट्यावर बसून सांगितलं. यंत्र म्हणून मी आजवर हात लावलेल्यांत ही सगळ्यात चांगली गाडी आहे, आणि गाडीला मागच्या मालकानं जपलं आहे. तुम्ही स्वतः चालवणार असाल तर टायर बदलून डोळे झाकून घ्या. आजीसाठी घेत असाल तर घेऊ नका. त्यांना कमरेच्या उंचीची सीट हवी, जिच्यावर नुसतं टेकलं की बसता येतं आणि पाय टेकवले की उठता येतं. तशी गाडी शोधायला मी तुमच्यासोबत नागपूरला येतो, आजींनाही सोबत घेऊ, प्रत्येक गाडीत त्यांना दोनदा बसवू आणि उठवू.

काका बराच वेळ गाडीकडे पाहत होते. मग म्हणाले, "चारही टायरचं कोटेशन आन. अन् मंगळवारी सकाळी सातले निघू, मायले उन्हाचं न्यायचं नाही."